उंबराखालचं पाणी

दिवाळी सरली की वेदगंगा निवळते. चार महिने लाल गढूळ वाहणारं पाणी आधी चहाच्या रंगावर येतं, मग हिरवट होतं, आणि कार्तिकातल्या एखाद्या सकाळी मुरगूडच्या वरच्या अंगाला कमरेएवढ्या पाण्यातले गोटे मोजता येतात. निपाणीच्या गळकऱ्याची ही सुगी. ती फार दिवस टिकत नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे बसले की नदीचं वाहणं थांबतं आणि एकाखाली एक तुंबलेल्या तळ्यांची उतरंड तयार होते. उसाला ते पाणी लागतं, त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. पण वाहत्या पाण्यावर नकली माशी सोडणाऱ्याला पाणी निवळल्यापासून बरगे बसेपर्यंत जेवढे दिवस मिळतील तेवढेच.

या गळकऱ्याच्या हातात माणग्याची काठी असते, बारा फूट लांब, शेंड्याकडे करंगळीहून बारीक. माणगा हा कोकणात आणि चंदगडकडे होणारा बांबू आतून जवळजवळ भरीव, त्यामुळे तो वाकतो पण पिचत नाही. काठीला रीळ नाही, शेंड्यालाच दोरा बांधलेला. जपानमधल्या डोंगरी ओढ्यांवर ‘टेंकारा’ नावाची जुनी रीत आहे, ती अशीच: लांब काठी, शेंड्याला दोरा, दोऱ्याच्या टोकाला माशी. त्याने सुरुवात मात्र इंग्रजी पुस्तकांतल्या फ्लाय फिशिंगपासून केली होती. रीळ आणलं, रंगीत जाड दोरा आणला. पंधरा फूट रुंदीच्या ओढ्यावर, डोक्यावर करंजाच्या फांद्या लोंबत असताना तो दोरा मागे झोकायला जागाच नसते, हे पहिल्या आठवड्यातच कळलं. रीळ फडताळात गेलं आणि लहानपणी गांडूळ लावून वापरलेली काठी परत हातात आली. या वेळी गांडूळ तेवढं नव्हतं.

साध्या गळात शिसं पुढे जातं आणि तंगूस त्याच्यामागे ओढला जातो. माशीच्या गळात याच्या उलट. शिसं नाही, आमिषालाही वजन नाही. दोराच थोडा जड असतो, काठीच्या झोक्यानं तो हवेत सरळ होतो आणि त्याच्या टोकाला पिसाएवढी माशी हलकेच पाण्यावर उतरते. काठावर म्हशी धुणाऱ्या मामांना हा प्रकार बघवला नव्हता. “अहो दादा, वाऱ्याला काय मारतायसा? गांडूळ लावा की,” असं त्यांनी कळवळून सांगितलं होतं. पुढे तेच मामा धारेकडे बोट दाखवून कुठे मासं उसळतंय ते सांगू लागले. सांगितलेली जागा कधी चुकली नाही.

खरी परीक्षा माशी पाण्यावर पडल्यानंतरची. ती पाण्याच्याच वेगानं वाहत गेली पाहिजे. मधल्या जोराच्या धारेत दोरा पडला तर तो माशीला तिरकं ओढतो आणि तिच्यामागे पाण्यावर बारीक फाळ उमटतो. माणसाला तो दिसायला वेळ लागतो, माशाला लागत नाही. प्रवाहाकडे तोंड करून दगडाआड थांबलेला मासा दिवसभर वरून वाहत येणारं सगळं पाहत असतो: पानं, बिया, मुंग्या, नाकतोडे. यातलं काहीही धारेला आडवं पोहत जात नाही. म्हणून काठी उंच धरून दोरा पाण्यापासून वर ठेवायचा, फक्त माशीच पाण्याला टेकू द्यायची. हे दोन वाक्यांत सांगता येतं. हाताला बसायला त्याला दोन हिवाळे लागले.

इथे ट्राउट नाही, आणि असण्याचं कारणही नाही. काश्मीर आणि निलगिरीत इंग्रजांनी ट्राउटची अंडी आणून ओढे भरले, कारण त्या माशाला थंड पाणी लागतं. पाण्याचा पारा विशीच्या पुढे सरकला की त्याची तब्येत बिघडू लागते. निपाणीच्या उन्हाळ्यात तो एक आठवडा काढणार नाही. इंग्रजी पुस्तकांची गंमत अशी, की ती वाचताना प्रत्येक ओढ्यात ट्राउट नसल्याची खंत वाटू लागते. या गळकऱ्यालाही काही वर्षं वाटली. मग एका सकाळी धार पायरीसारखी उतरते त्या ठिकाणी त्याच्या माशीला अळकूट लागला. वीतभर, पात्यासारखा चपटा, तोंड आभाळाकडे वळलेलं. पाण्याच्या वरच्या थरातलं टिपून खाण्यासाठीच घडलेला मासा. त्यानंतर ती खंत गेली.

अळकुटाची एक गोष्ट त्याला फार प्रिय आहे. विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी मुंबई सरकारच्या वतीनं दख्खनची आकडेवारी गोळा करत 1824 पासून काही वर्षं हिंडला. त्याच फिरतीत त्यानं इथले मासे गोळा केले आणि 1839 च्या सुमारास लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे त्यांची वर्णनं मांडली. नवी शास्त्रीय नावं देताना त्यातल्या बऱ्याच माशांना त्यानं कोळी-भोयांच्या तोंडची नावं जशी कानावर पडली तशीच ठेवली. खडशीचं नाव ‘खुद्री’ झालं, कोळसाचं ‘कोलस’, शिंगटीचं ‘सींगटी’, दगडाला चिकटून राहणाऱ्या मळ्याचं ‘मुल्या’, अळकुटाचं ‘अलकूटी’. लॅटिनचा अंगरखा घातलेले हे मराठी शब्द आज जगभरच्या मत्स्यशास्त्राच्या ग्रंथांत आहेत. साइक्सचे मासे प्रामुख्याने भीमेच्या खोऱ्यातले, आणि भीमा कृष्णेलाच मिळते. वेदगंगाही दूधगंगेतून कृष्णेलाच जाते. म्हणजे निपाणीच्या बाजारात टोपलीतून विकायला बसलेल्या मावशी जे नाव उच्चारतात, ते लंडनमध्ये छापून येऊन पावणेदोनशे वर्षं उलटली आहेत.

याच पाण्यांत अंगावर उभे निळसर पट्टे असलेला एक छोटा मासा खळाळात राहतो. फ्रान्सिस बुकॅननने तो 1807 मध्ये हिरियूरजवळच्या वेदावती नदीतून नोंदवला आणि ‘बेंडेलिसिस’ असं त्याचं नाव ठेवलं. पूर्वी बॅरिलियस या एकाच कुळात गणल्या गेलेल्या त्याच्या एका मोठ्या भावाला इंग्रज शिकारी ‘हिंदुस्थानी ट्राउट’ म्हणत. आपला हा धाकटा बोटभरच, पण माशीवर असा झडप घालतो की काठीच्या शेंड्यातून मनगटापर्यंत कळतं. मंगळूरकडे कलेक्टर असलेल्या हेन्री सलिव्हन थॉमस यांनी 1873 मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक काढलं. दक्षिणेच्या नद्यांत माशीनं मासे धरण्याबद्दल त्यात जिव्हाळ्यानं लिहिलं आहे. वेदगंगेसारख्या नदीवर हा खेळ परका नाही, याचा तो जुना दाखला.

माश्या तो स्वतः बांधतो. गळ चौदा किंवा सोळा नंबरचा, त्याच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट केलेला, म्हणजे मासा सोडताना ओठ फाटत नाही. बेळगावच्या वडगाव-शहापूर भागात साड्यांचे माग आहेत, तिथून उरलेल्या रेशमी धाग्याच्या कांड्या मिळतात. तपकिरी धाग्याचं अंग गुंडाळायचं, गावठी कोंबड्याच्या मानेवरचं एक पीस त्याभोवती उभं फिरवायचं, गाठ मारून मेणाचा थेंब लावायचा. मानेचंच पीस घ्यायचं, कारण त्याचे तंतू ताठ असतात आणि पाण्यावर पाय रोवून उभे राहतात. पंखाखालचं मऊ पीस पाणी पिऊन बुडतं. पहिल्या वळवानंतर पंख फुटलेली वाळवी उडते तेव्हा फिकट पंखांची माशी, गवत वाळू लागलं की हिरवट नाकतोडा. बाकी वर्षभर ती एक तपकिरी माशी पुरते.

त्याची सगळ्यात लाडकी माशी मात्र माशी नाहीच. ती उंबर आहे.

गारगोटीच्या वर एका वळणावर नदीवर ओणवलेला औदुंबर आहे. त्याची फळं खोडालाच लगडतात आणि पिकली की टपकन पाण्यात पडतात. खडशीला, म्हणजे इथल्या महाशीरला, फळं आवडतात. अशा झाडाखाली ती ठाण मांडून असते आणि पडल्याचा आवाज झाला की वर येते. काठावर बसून नुसतं ऐकलं तरी हे कळतं: टप्, मग दोन श्वास शांतता, मग पाण्यात गोल गरगर. हे ऐकून त्यानं बाशिंगाच्या भेंडाचा एक तुकडा घेतला, पातीनं गोल कोरला, लाल रंगवला आणि आतून गळ ओवला. भेंड बुडत नाही. दोरा टाकायचा तो हलक्या हातानं नाही, मुद्दाम आपटून, कारण इथे आवाजच आमिष आहे. पहिल्या वेळी त्याचा उंबर पडला आणि खालून काहीच आलं नाही. बाजूला झाडावरून खरा पडला, तो लगेच नाहीसा झाला. त्याला कळेना. मग लक्षात आलं, झाडाचं फळ फांदीखाली सरळ पडतं, त्याचं तिरकं येऊन पडत होतं, आणि पडताच दोरा त्याला काठाकडे ओढत होता. पुढे तो पाण्यात उतरून झाडाच्या अगदी खाली, गळ्याइतक्या पाण्यात उभा राहिला आणि काठी उभी धरून उंबर सरळ खाली सोडला. पाच वर्षांत त्या जागी त्याला तीनच खडशी लागल्या. प्रत्येक वेळी ओल्या हातानं धरून पाण्यातच सोडली. कोरड्या हाताला माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो आणि मग त्याला बुरशी धरते.

खडशीची मोठी कथा याच्याही पलीकडची आहे. धरणांनी आणि बेसुमार मासेमारीनं ती कमी झाली, तेव्हा लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीनं 1970 च्या दशकात तिची कृत्रिम पैदास सुरू केली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांची नावं त्या कामाशी कायमची जोडली गेली आहेत. लाखो पिलं देशभरच्या पाण्यांत गेली, त्यात कावेरीही होती. कावेरीत तिथलाच, पाठीला उंचवटा असलेला मोठा महाशीर होता. नवी खडशी तिथे फोफावली आणि तो मूळचा मासा मागे पडत गेला. 2018 मध्ये तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला, आणि पुढच्याच वर्षी खडशी धोक्याच्या यादीतून बाहेर आली. हेतू चांगला होता आणि मेहनत सच्ची होती. तरीही इथला मासा तिथे नेताना दोनदा विचार व्हायला हवा होता, असं या गळकऱ्याचं ठाम मत आहे. वेदगंगेत कोणी चिलापी सोडायची भाषा केली की तो हीच हकीगत सांगतो.

आता चढणीबद्दल. मृगाचा पहिला दणका बसला की ओढे लाल होऊन फुगतात आणि मासे उलट्या धारेनं वर, भातखाचरांपर्यंत चढतात. चढणीचे मासे म्हणजे या भागातला सण. पोरं, बायका, म्हातारी माणसं सगळी घमेली, पाट्या, साड्या घेऊन ओढ्यात उतरतात. तोही उतरायचा. एका जूनमध्ये चंदगडजवळच्या ओढ्यावर त्यानं आणि मित्रांनी अर्ध्या तासात घागरभर मासे धरले. रात्री साफ करताना एकेका माशाचं पोट चिरलं, तर बहुतेक अंड्यांनी गच्च. मोहरीएवढे पिवळे दाणे ताटलीभर साचले. चढण असते ती अंडी घालायलाच, हे त्याला पुस्तकातून ठाऊक होतं, पण ताटली समोर येईपर्यंत ते नुसतं ठाऊक होतं. त्या जूनपासून त्यानं पावसाळ्यात ओढ्यावर काठी नेली नाही. गावाला त्यानं उपदेश केला नाही. वर्षातून एकदा हातात येणारं फुकटचं कालवण बंद करा म्हणून सांगायचा अधिकार त्याला वाटत नाही. जिलेटिनचे तोटे आणि ब्लीचिंग पावडर वापरणाऱ्यांशी मात्र तो भांडला आहे, आणि परत भांडेल. तोट्यानं डोहातली पोटुशी खडशी मरते, तशीच कोणी कधी न बघितलेली मुऱ्याची पिलंही मरतात.

मुऱ्यावरून आठवतं. हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते, आजरा-गडहिंग्लजवरून संकेश्वरला येते आणि घटप्रभेला मिळते. तिच्या उगमाशी महादेवाच्या मंदिराच्या कुंडात एक बोटभर मुऱ्या आहे. 2020 मध्ये प्रवीणराज, तेजस ठाकरे आणि बालसुब्रमण्यन यांनी ती नवी जात म्हणून जगासमोर आणली आणि नदीचंच नाव तिला दिलं: शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्या वर्षी महाराष्ट्र सरकारनं ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरवली. तिथे जाताना तो काठी घरी ठेवतो. खानापूरकडच्या भीमगड अभयारण्यातही तसंच, तिथे मासे धरायला कायद्यानंच बंदी आहे. आंबोलीच्या कुंडाच्या कडेला पोटावर झोपून, कोपर पायरीला टेकून तो बघत राहतो. मुऱ्या वाळूवर पिवळसर दिसते, गोट्याच्या सावलीत शिरली की नाहीशी होते.

गेल्या हंगामाचा त्याचा शेवटचा दिवस उंबराखालीच गेला. पाणी गुडघ्याएवढं, काचेसारखं. खालच्या अंगाला बंधाऱ्यावर माणसं आली होती, बरग्यांचा खणखणाट वरपर्यंत ऐकू येत होता. दुपारपर्यंत धार मंदावली, दगडांवरची खळखळ एकेका दगडानं बंद होत गेली. त्यानं दोरा काठीला गुंडाळला. मामा म्हशी घेऊन परतत होते. “घावलं का काय?” त्यांनी विचारलं. “दोन अळकूट, सोडले,” तो म्हणाला. मामांनी मान हलवली आणि झाडाखालच्या पाण्याकडे बघत उभे राहिले. वरून एक उंबर पडला. दोघंही बघत होते.