कराची किती दूर?

दोन गावांमधील अंतर हा वरवर पाहता भूगोलाचा प्रश्न आहे. कोसांचे मैल झाले, मैलांचे किलोमीटर झाले, तरी गाव जेथल्या तेथेच राहते, अशी आपली समजूत असते. मुंबई आणि कराची या शहरांचा गेल्या शतकातील इतिहास पाहिला म्हणजे मात्र ही समजूत डळमळू लागते.

नकाशावर या दोहोंमध्ये सरळ रेषेत सुमारे ८७५ किलोमीटर अंतर आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी जे. आर. डी. टाटा एका इंजिनाचे ‘पस मॉथ’ हे चिमुकले विमान घेऊन कराचीहून निघाले. बरोबर विलायतेचे टपाल होते. वाटेत अहमदाबादेस इंधन भरून ते दुपारी मुंबईस जुहू येथे उतरले. या प्रवासास सुमारे सात तास लागले. पुढे जेट विमाने आली आणि तोच पल्ला सुमारे दीड तासावर आला. आमच्या साताऱ्याहून सांगली अवघी सव्वाशे किलोमीटर, पण एस. टी.ने तेथे पोचावयास त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागतो!

हा हिशेब आम्हांस करावा लागला तो सांगलीच्या आमच्या आत्याबाईंमुळे. त्यांचा जन्म कराचीचा. सिंध प्रांत १९३६ च्या मार्चअखेरपर्यंत मुंबई इलाख्यातच मोडत असल्यामुळे नोकरीनिमित्त कित्येक महाराष्ट्रीय कुटुंबे तिकडे गेली होती. शिक्षणखात्यातील नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची शाळा कराचीत अद्यापि आहे. १८५५ साली स्थापन झालेली ती सिंधमधील पहिली सरकारी शाळा होय. आमचे आजोबाही तेथे एका कचेरीत होते. १९४७ साली, नवव्या वर्षी, आत्याबाईंनी ते घर सोडले. परवा त्यांनी सहज विचारले, “विमानाने कितीसा वेळ लागतो रे?”

“दीड तास” हे उत्तर आमच्या ओठांवरच राहिले. दोन शहरांमधील थेट विमाने बंद पडली, आणि २०२५ च्या एप्रिलात तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपले आकाशही बंद केले. व्हिसा मिळालाच, तरी दुबईवरून जावयाचे म्हणजे आधी पश्चिमेस सुमारे १,९०० किलोमीटर, मग तेथून उलट पूर्वेस सुमारे १,२०० किलोमीटर. वाट साडेतीनपट, आणि दुबईतील खोळंबा निराळाच. हे ऐकून आत्याबाई म्हणाल्या, “मग त्या टाटांचेच विमान बरे म्हणायचे!”

यंत्रे अंतर कमी करतात हे अर्धेच सत्य आहे. यंत्रांनी कमी केलेले अंतर राज्याराज्यांतील वैर पुन्हा वाढवून ठेवते. त्या वैराला कारणे नाहीत असे आमचे म्हणणे नाही. पण त्याची किंमत ज्यांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही अशा वृद्धांनाही मोजावी लागते. त्यांना कराचीस नेणे आपल्या हाती नाही. सांगलीस जाणे मात्र आहे. बिऱ्हाड कोणत्या गल्लीत होते, शाळेची वाट कशी होती, शेजारी कोणती बोली बोलत, हे सांगू शकणारी माणसे आता मोजकीच उरली आहेत. ज्यांच्या घरी असे कोणी असेल, त्यांनी त्यांच्यापाशी एक दिवस निवांत बसून हे सारे विचारावे आणि लिहून ठेवावे. हे काम पुढल्या सुट्टीवर टाकू नये.