ओळखीची उधारी

परवा एक जुना विद्यार्थी घरी आला. विम्याचं काम करतो. चहा झाल्यावर हळूच म्हणाला, "सर, बाकीच्या मुलांचे नंबर द्या ना. तुमचं नाव सांगितलं की कुणी नाही म्हणणार नाही."

मागे एकदा मी दुसऱ्या एकाला अशी यादी देऊन बसलो होतो. वर्षभराने एका विद्यार्थिनीचा फोन आला, "सर, तुमच्या शब्दाखातर पॉलिसी घेतली. हप्ते झेपत नाहीत हो." नाव माझं, हप्ता तिचा!

शिकागोत १९०५ साली रोटरी सुरू झाली तीही व्यावसायिकांच्या ओळखीपाळखीतूनच. पण डबघाईला आलेली कंपनी सावरताना हर्बर्ट टेलर यांनी १९३२ साली चार प्रश्नांची कसोटी लिहिली, तीच पुढे रोटरीने स्वीकारली. त्यातला पहिला प्रश्न खरेपणाचा, दुसरा सगळ्यांना न्याय मिळतो का याचा. माझी यादी दुसऱ्याच प्रश्नात नापास!

त्याला म्हटलं, "नंबर नाही देणार. तुझा नंबर त्यांना कळवतो. ज्याला गरज असेल तो करेल फोन."

चेहरा पडला त्याचा. जाताना वाकून नमस्कार केला, पण त्यानंतर फोन नाही. चुटपुट लागते खरी... असो.