लवचिकपणा

परवा मुलाचा फोन आला. कंपनी म्हणते, नवं काम शिका, 'फ्लेक्सिबल' व्हा. "बाबा, या वयात?" म्हणाला. पंचेचाळीस म्हणजे काय वय झालं! (तरी पोटात गोळा आलाच.)

मला आमचा दादा आठवला. लालबागच्या एका गिरणीत साचे चालवायचा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, मुंबईतले सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. दादाला गिरणीने परत घेतलं नाही. चाळिशीनंतर तो डोंबिवलीत रिक्षा शिकला. मालकांनी मात्र जुनाट साचे कधी बदलले नाहीत. वाकायचं ते कामगारानेच.

मुलाला हे सांगितलं. म्हणाला, "मग लायसन काढून ठेवू?" दोघंही हसलो. दादा शेवटपर्यंत कापड घेताना दोन बोटांत चोळून सूत बघायचा.