ओली वाळू

लोखंड ज्या वाळूत ओततात तिला ‘ग्रीन सँड’ म्हणतात असं आमच्या ब्राह्मणपुरीत सांगितलं की हमखास कोणीतरी विचारतं, वाळू हिरवी कशी रे? रंगाने ती काळीच. ग्रीन म्हणजे न भाजलेली, कच्ची, ओलसर. सिलिका वाळू, बेन्टोनाइट माती, कोळशाची भुकटी आणि साधारण ३-४ टक्के पाणी. एवढं पाणी नसेल तर माती धरत नाही, साचा ढासळतो. आणि तेच पाणी दोन टक्के वाढलं की...

शहादा तालुक्यातून मी कोल्हापूरला, शिरोलीतल्या एका फाउंड्रीत कामाला गेलो तो ऐन जुलैत. आमच्याकडे पावसाची वाट बघायची सवय, तिकडे आठ-आठ दिवस सूर्य नाही. नवी वाळू आवारात उघड्यावर, ताडपत्री फाटकी. ढीग वरून बरा दिसे, तळाला चिंब. मिक्सरवाला मात्र रोजच्या मापाने पाणी ओतणार.

पाण्याची वाफ झाली की तिला १६०० पटींहून जास्त जागा लागते. लोखंडाचा रस १४०० अंशांच्या आसपास. ती वाफ वाळूच्या कणांमधल्या फटींतून बाहेर पडायला हवी. वाळू ओली असली की वाफ जास्त आणि वाट कमी, मग ती रसात शिरते. कास्टिंग वरून गुळगुळीत. लेथवर एक काप घेतला की आत वाटाण्याएवढं भोक. हा ब्लो होल. कधी तर रसच पेटीतून उसळतो. तेव्हा कास्टिंगचं कोणी बघत नाही, पायाचं बघतात.

आमच्यातले जुने मोल्डर, सगळे त्यांना मामा म्हणायचे, मूठभर वाळू दाबून मधोमध मोडायचे. कड स्वच्छ तुटली, बोटांचे ठसे राहिले आणि तळवा कोरडा, तर वाळू बरी. ओलावा मोजायचं यंत्रही होतं: कार्बाइडची पूड टाकायची, गॅस होतो, काटा आकडा दाखवतो. फक्त ते ऑफिसच्या कपाटात होतं! आणि मोल्डरची मजुरी चांगल्या नगांवर. म्हणजे ताडपत्री मालकाची, पाणी मिक्सरवाल्याचं, आणि भोक पडलं की पैसे मोल्डरचे गेले. का, तर शेवटचा हात त्याचा. हा हिशोब मला तेव्हाही पटला नव्हता.

एका सकाळी मामांनी मूठ मोडली आणि पेटी भरायलाच नकार दिला. “साहेब, ह्यात मी भरत न्हाई. मशीन आणा, बघा.” सुपरवायझर बराच तापला, पण यंत्र आलं. काटा साडेसहावर. भट्टी तयार, तरी काम थांबलं. शेडमधली कालची कोरडी वाळू मिसळून, फिरवून पुन्हा मोजली. चारच्या खाली आल्यावर पेट्या भरल्या.

यंत्र त्यानंतर मिक्सरजवळच्या टेबलावर राहिलं. नवी ताडपत्री दिवाळीनंतर आली, पाऊस संपल्यावर. आधीच्या पंधरवड्यात कापलेली मजुरी मात्र कोणालाच परत मिळाली नाही.