वेशीच्या आतलं घर विकू नकोस

चि. सुहास,


वाड्यातला आपला हिस्सा काढून टाकावा का, असं तू विचारलंस. उत्तर सविस्तर देते, आणि सगळ्यांनी वाचावं म्हणून उघड देते. कारंजा सोडून पुण्या-नागपूरला गेलेल्या कितीतरी घरांत आज हाच विषय निघतो.

दिल्ली, दारव्हा, मंगरूळ आणि पोहा या चार वेशींच्या आतलं आपलं जुनं गाव. 1670 मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने इथून मोठी लूट नेली, एवढी ही पेठ श्रीमंत होती. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान इथलं. काष्ठासंघ, सेनगण आणि बलात्कारगण ही जैन मंदिरं इथली. पुढे कापसाचा व्यापार वाढला, मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरची शकुंतला रेल्वे आली. अशा भरभराटीच्या काळात सागवानी खांबांचे वाडे उभे राहिले. आता त्यांतल्या अनेकांना कुलूप आहे.

वाडे पडतात ते पावसाने, असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. आखीव पत्रिकेवर अजून आजोबांचं नाव असतं आणि वारस पाच गावांत विखुरलेले असतात. भांडण नसतं, पण वारस नोंदीसाठी कुणी येत नाही. मग छताला हात कोण लावणार? एका पावसाळ्यात कौलं सरकतात, पुढच्या पावसाळ्यात पांढऱ्या मातीची भिंत बसते. नगरपरिषद धोकादायक इमारतीची नोटीस लावते आणि वाडा उतरवला जातो. जे राहतात, तेही गावाबाहेरच्या लेआउटमध्ये प्लॉट घेतात.

यात सरकारी धोरणाचाही वाटा आहे. 2015 च्या पंतप्रधान आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला आपल्या राज्यात अडीच लाखांचं अनुदान ठरलं, दीड लाख केंद्राचे आणि एक लाख राज्याचे. योजना चांगली आहे, गरिबाला तिचा आधार झाला. पण जागेचा कागद आपल्या नावावर हवा आणि देशात कुठेही पक्कं घर नको, या तिच्या अटी. सामाईक वाड्यात राहणारी विधवा पहिल्या अटीला अडते. ज्याचं विटांचं घर ढासळायला आलं आहे, तो दुसऱ्या अटीला अडतो. नुसत्या डागडुजीला त्यात पैसा नाही.

दुरुस्तीला सरकारी पैसा देता येत नाही, असं मात्र कुणी सांगू नये. मुंबईतल्या जुन्या चाळींसाठी राज्याने 1969 मध्येच कायदा केला, दुरुस्ती मंडळ नेमलं, उपकर बसवला आणि स्वतःचीही भर घातली. त्या कारभारात दोष पुष्कळ निघाले, पण पडायला आलेलं घर सावरणं हे सरकारचं काम आहे, हे तिथे मान्य झालं. मग कारंज्यासारख्या गावाला ते का लागू नये?

म्हणून माझं म्हणणं असं. नगरपरिषद आणि भूमापन कार्यालयाने मिळून जुन्या वस्तीत वारस नोंदींची शिबिरं घ्यावीत. जो राहतो त्याला दुरुस्तीसाठी अनुदान किंवा कमी व्याजाचं कर्ज मिळावं. चांगल्या वाड्यांची वारसायादी करावी आणि वाडा राखणाऱ्याला घरपट्टीत सूट द्यावी. नृसिंह सरस्वतींच्या गुरुमंदिराला वर्षभर भाविक येतात. चार खोल्या नीट केल्या तर त्यांच्या मुक्कामातून घराचा खर्च निघू शकतो. वस्तीत माणसं नांदली, तरच गल्लीतलं किराणा दुकान आणि शाळा टिकतील.

हे सगळं सरकारने करायचं आणि आपण पुण्यातून बघायचं, असं मात्र नाही. दिवाळीला चार दिवस जास्त काढून ये. तुझ्या वडिलांच्या मृत्यूचा दाखला आण, बाकीच्या भावंडांना मी बोलावते. आधी आखीव पत्रिकेवर सगळ्यांची नावं चढवू. मग दुरुस्तीच्या मागणीचा अर्ज मुख्याधिकाऱ्यांना देऊ आणि गल्लीतल्या प्रत्येक घराची त्यावर सही घेऊ. तोवर कोणत्याही इसारपावतीवर सही करू नकोस.

तुझी,
आत्या