वारा थांबेपर्यंत

उन्हाळ्यात मुलाकडे वा मुलीकडे मिनियापोलिसला जाण्याचा योग आपल्यापैकी अनेकांना येतो. तेथून मोटारीने उत्तरेकडे चार-साडेचार तास गेलात, की ईली नावाचे लहानसे गाव लागते. त्याच्या पुढे थोड्याच अंतरावर रस्ते संपतात आणि पाणी सुरू होते. अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेलगत सुमारे 240 किलोमीटर पसरलेले हे अरण्य म्हणजे बाउंड्री वॉटर्स. हिमयुगातील बर्फाने कोरलेली एक हजाराहून अधिक सरोवरे येथे आहेत. 1964च्या अरण्य-संरक्षण कायद्यामुळे, आणि पुढे 1978मध्ये झालेल्या स्वतंत्र कायद्यामुळे, बहुतेक सरोवरांवर इंजिनाच्या होड्यांना मज्जाव आहे.

येथे फिरायचे ते कनूतून. दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी आणि वल्ह्यांनी हाकायची ही हलकी होडी. येथील मूळ रहिवासी ओजिब्वे लोक ती भूर्जवृक्षाच्या सालीपासून बनवीत. एक सरोवर संपले, की कनू खांद्यांवर उलटी घेऊन पायवाटेने पुढचे सरोवर गाठायचे. या वाटेला ‘पोर्टेज’ म्हणतात. तिची लांबी आजही ‘रॉड’ या जुन्या मापात सांगितली जाते. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट. जवळजवळ एका कनूची लांबी! एका गटात जास्तीत जास्त नऊ माणसे आणि चार होड्या, असा नियम आहे.

आता अशा एका गटात आपण आहात, अशी कल्पना करा. महिनोन्‌महिने बेत आखला आहे. प्रवेशाचे ठिकाण आणि दिवस परवान्यावर नोंदलेला आहे. परतीचे विमानही ठरलेले आहे. आणि नेमक्या त्याच सकाळी वायव्येकडून वारा सुटतो, सरोवरावर पांढऱ्या फेसाच्या लाटा उसळू लागतात. अशा वेळी काठावर अडकून पडलेल्या गटाला तेथील लोक ‘विंडबाउंड’, म्हणजे वाऱ्याने जखडलेला, म्हणतात. लांबट सरोवरावर वाऱ्याला मोकळे अंतर जितके अधिक मिळते, तितकी लाट उंच होते. म्हणूनच काठाजवळचे शांत पाणी पाहून मधल्या पाण्याचा अंदाज बांधता येत नाही.

येथे खरा धोका वाऱ्याइतकाच घड्याळाचाही असतो. ‘आता निघालो नाही तर सगळे वेळापत्रक कोलमडेल’ हे वाक्य गटात कोणीतरी उच्चारतेच. त्या क्षणी थंड पाण्याचे गणित आठवावे. मॅनिटोबा विद्यापीठाचे डॉ. गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी ते ‘एक-दहा-एक’ अशा सोप्या सूत्रात मांडले आहे. अतिशय थंड पाण्यात पडल्यावर श्वासावर ताबा मिळवण्यास सुमारे एक मिनिट लागते. हातपाय उपयोगी हालचाल करू शकतात ती सुमारे दहा मिनिटे. आणि शरीर गारठून शुद्ध हरपण्यास साधारण एक तास जातो. पट्टीचा पोहणाराही या दहा मिनिटांच्या मर्यादेतून सुटत नाही. म्हणून जीवरक्षक जाकीट होडीत ठेवण्याची नव्हे, अंगावर घालण्याची वस्तू आहे. निघावे की थांबावे, हा निर्णयही गटातील सर्वांत कच्च्या वल्हेकऱ्याची कुवत पाहूनच घ्यावा.

थांबायचे ठरले, की थांबण्याचीही रीत असते. कपड्यांचा एक जोड कोणत्याही परिस्थितीत कोरडा राखावा. भिजलेला सुती कपडा ऊब देत नाही, लोकर देते. थंडीत तहान जाणवत नाही, म्हणून आठवणीने पाणी प्यावे, आणि सरोवराचे पाणी उकळूनच वापरावे. एक-दोन दिवसांचा जादा शिधा मुळातच बरोबर घ्यावा. तो असला, की प्रतीक्षा सुसह्य होते. तंबू वाळलेल्या झाडाखाली कदापि ठोकू नये. 4 जुलै 1999 रोजी आलेल्या वादळाने या अरण्यातील साडेतीन लाख एकरांहून अधिक क्षेत्रातील झाडे आडवी केली होती. मेघगर्जना ऐकू येताच पाणी सोडावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उलटेपर्यंत होडीला हात लावू नये.

आणि एकमेकांच्या चेहऱ्यांकडे लक्ष ठेवावे. शरीराचे तापमान 35 अंश सेल्सिअसच्या खाली उतरू लागले, की त्याची पहिली चिन्हे फार साधी असतात: बोटांतून वस्तू निसटतात, शब्द अडखळतात, पाय ठेचकाळतात आणि माणूस विनाकारण चिडचिड करू लागतो. काठावर रखडलेल्या गटात जो सर्वांत आधी कुरकुरतो, त्याच्याशी वाद घालण्यापूर्वी त्याचे मोजे ओले आहेत का, हे पाहावे. ओले कपडे बदलून, टोपी घालून, गरम आणि गोड पेय त्याच्या हाती द्यावे. पुष्कळदा भांडण तेथेच मिटते. घरातील लहान मुलांच्या आणि वृद्धांच्या बाबतीतही ही खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे; थंडी वाजते आहे हे दोघांनाही नेहमीच सांगता येत नाही.

अठराव्या शतकात याच जलमार्गाने फरचा व्यापार चाले. त्या व्यापारातील वल्हेकरी पाठीवर प्रत्येकी चाळीस किलोंची दोन गाठोडी घेऊन पोर्टेज ओलांडीत. असे कणखर लोकही वाऱ्याशी हट्ट करीत नसत. तो चढला, की होड्या काठावर ओढून घेत आणि पहाटेच्या अंधारात पुन्हा निघत. वारा बहुधा सकाळ सरताना चढतो आणि संध्याकाळी मंदावतो, हे त्यांना ठाऊक होते. आपणही तेच करावे. जेवण आटोपून लवकर निजावे. पहाटे चारला कोणीतरी तंबूबाहेर येऊन पाण्याकडे पाहावे. सरोवर आरशासारखे निश्चल असेल, तर सर्वांना उठवावे. नसेल, तर चहाचे आधण ठेवावे आणि बाकीच्यांना झोपू द्यावे.