अछामचं देणं

ज्या देशाला समुद्र नाही, त्या देशातली माणसं दरवर्षी ऑगस्टमध्ये रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून खोल समुद्रात जातात. ट्रॉलरवर जाळं ओढणारे, बर्फ फोडणारे, मासळी निवडणारे खलाशी मोठ्या संख्येने नेपाळचे असतात. आमच्या हापूसच्या बागांची राखण करणारे गुरखेही तिथलेच. त्यांच्यातल्या एकाने मला भूगोल शिकवला. मी हायस्कूलमध्ये भूगोलाची शिक्षिका होते आणि त्याची शाळा पाचवीत सुटली होती. आम्ही त्याला दाजू म्हणायचो. नाव लिहीत नाही, त्याला ते आवडणार नाही.

दाजू अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या बागेत आला तेव्हा जेमतेम मिसरूड फुटलेला मुलगा होता. घरची गरिबी म्हणून आला असेल, एवढंच मी धरून चालले होते. वर्गात मी फळ्यावर लिहायचे: नेपाळ, भूवेष्टित देश, उत्तरेस हिमालय, राजधानी काठमांडू. मुलं उतरवून घ्यायची आणि आम्ही पुढच्या देशाकडे वळायचो. घरी रोज वानर हाकलणारा माणूस त्या देशातल्या कोणत्या डोंगरावरचा, हे विचारावं असं मला सुचलंच नव्हतं.

२००२ च्या फेब्रुवारीत तो वर्तमानपत्र घेऊन ओटीवर आला. म्हणाला, "दीदी, हे वाचून दाखवा." नेपाळच्या पश्चिमेकडच्या अछाम जिल्ह्यात मंगलसेन या मुख्य ठिकाणावर माओवाद्यांनी हल्ला केला होता आणि शंभराहून अधिक पोलीस व सैनिक मारले गेले होते. मंगलसेन त्याच्या गावापासून पायी अर्ध्या दिवसावर. माझ्या नकाशासंग्रहात अछाम सापडेना. तेव्हा त्याने आंब्याच्या पेटीचा एक पुठ्ठा घेतला आणि पेटीवर मार्का मारायच्या काळ्या शाईने, काडी बुडवून बुडवून, मला त्याचा देश काढून दाखवला. आधी नद्या: महाकाली, सेती, बुढीगंगा, कर्णाली. मग नद्यांच्या मधले डांडे, म्हणजे डोंगरधारा, डांड्यांवरची गावं, आणि अगदी खाली तराईचा अरुंद सपाट पट्टा. रस्ता त्याने काढला नाही. मी विचारलं, तेव्हा म्हणाला, गावापर्यंत रस्ता नाहीच. उतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात पिकलेलं धान्य सहा महिनेही पुरत नव्हतं. रात्री माओवादी जेवायला मागायचे, सकाळी पोलीस येऊन कोणाला जेवू घातलंत म्हणून मारायचे. वयात आलेल्या मुलाला दोन्हीकडून धोका, म्हणून आईने त्याला काकाबरोबर धाडलं होतं. १९५० च्या मैत्री करारामुळे भारतात यायला त्याला पासपोर्ट लागत नव्हता. आखातात जायला एजंटचे पैसे लागतात, इकडे फक्त भाडं लागतं. सर्वांत गरीब जिल्ह्यांतली माणसं म्हणूनच इकडे येतात.

तो पुठ्ठा मी वर्गात नेला. त्यानंतर नेपाळ मी दोन ओळींत कधी शिकवला नाही, आणि पुढे कुठलाही देश शिकवताना त्याच्या नकाशावर आधी नद्या काढायची सवय लागली. माझ्या शिकवण्यात जे काही बरं होतं, ते त्या दिवसापासूनचं आहे.

त्याच्या देशात तेव्हा फार वेगाने उलथापालथ चालली होती. १९९६ साली सुरू झालेलं युद्ध २००६ च्या नोव्हेंबरातल्या शांतता करारापर्यंत चाललं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लोक रस्त्यावर उतरले आणि राजा ज्ञानेंद्र यांना हातात घेतलेली सत्ता सोडावी लागली. २८ मे २००८ रोजी संविधान सभेने राजेशाहीच संपवली आणि सुमारे २४० वर्षांची शाह घराण्याची गादी गेली. बातमी कळली तेव्हा बागेत शेवटची तोडणी चालली होती. मी उत्साहाने दाजूला विचारलं, आता कसं वाटतं? झेल्यातले आंबे एकेक करून क्रेटमध्ये ठेवत तो म्हणाला, "राजा आम्ही पाहिला नव्हता, दीदी. सरकारही पाहिलं नाही. जे वॉर्डात येईल ते सरकार." मी नागरिकशास्त्रही शिकवत असे, पण लोकशाहीची इतकी सरळ परीक्षा माझ्या पुस्तकात नव्हती.

अण्णा गेल्यावर बाग विकायची जवळजवळ ठरलीच होती. शाळा सांभाळून फवारणी, राखण, तोडणी, आढी हे मला जमणारं नव्हतं. दाजूने त्या हंगामाचा पगार मागितला नाही. "आंबा विकला की द्या," म्हणाला, आणि गावाकडून दोन पुतण्यांना घेऊन आला. आज त्या बागेवर माझ्या मुलाचं घर चालतं. हे देणं पैशात मोजता येत नाही, आणि मोजायला गेले तर दाजू रागावेल.

पुढे २०१५ साल आलं. २५ एप्रिलच्या भूकंपात नेपाळमध्ये सुमारे नऊ हजार माणसं गेली. अछाम त्यातून वाचलं. पण २० सप्टेंबरला नवं संविधान लागू झालं, तराईतल्या मधेशी पक्षांनी ते नाकारून आंदोलन पुकारलं, आणि भारताच्या सीमेवरून जाणारा माल अडला. नेपाळमध्ये त्याला सरळ नाकेबंदी म्हणतात, भारत सरकारने ते कधी मान्य केलं नाही. फेब्रुवारीपर्यंत इंधन, गॅस, औषधं यांच्यावाचून लोकांचे हाल झाले. अर्धे भरलेले गॅस सिलेंडर विकावे लागले. दाजूच्या आईच्या दम्याची औषधं मी रत्नागिरीत घेतली आणि गावी निघालेल्या एका खलाशाच्या पिशवीतून पाठवली. भूवेष्टित या शब्दाचा अर्थ मला त्या हिवाळ्यात कळला. परदेशातून समुद्रमार्गे येणारा नेपाळचा बराचसा माल कोलकात्याला उतरतो, सुमारे ७०० किलोमीटर जाऊन रक्सौल-वीरगंजला सीमा ओलांडतो. मीठसुद्धा भारतातूनच जातं. दरवाजा शेजाऱ्याच्या हातात असला की घरातल्या भांडणाचीही किंमत दुप्पट होते. त्यात शेजारी म्हणून आपली जबाबदारी मोठी आहे, हे मी तेव्हापासून प्रत्येक तुकडीला सांगत आले.

त्या संविधानाने सात प्रदेश आणि ७५३ स्थानिक सरकारं उभी केली. वीस वर्षांच्या खंडानंतर स्थानिक निवडणुका झाल्या. दाजूच्या सुदूरपश्चिम प्रदेशात मतदान २८ जून २०१७ ला होतं. आंबा संपलेला, ट्रॉलर पावसाळी बंदीमुळे किनाऱ्याला लागलेले. त्यामुळे बागेतले आणि बोटीवरचे सगळेच घरी होते. प्रत्येक वॉर्डात दोन महिला सदस्य हव्यात आणि त्यांतली एक दलित असावी, असा नियम आहे. दाजूची वहिनी निवडून आली.

पुढे एका मे महिन्यात मी तिच्याकडे गेले. बनबसाला महाकालीचं धरण पायी ओलांडलं, महेंद्रनगरहून बस, मग साँफेबगर. बुढीगंगेच्या काठाने वर चढताना शेतात दिसल्या त्या बायका, म्हातारे आणि मुलं. तरुण पुरुष जवळपास नव्हतेच. वहिनीने वॉर्ड कार्यालयातली वही उघडून दाखवली: जन्मनोंद, विधवा भत्ता, पाण्याच्या नळाचा खर्च. गावापर्यंत कच्चा रस्ता आला होता. भारतातल्या १०० रुपयांचे तिथे १६० होतात, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, आणि त्या हिशोबावर घरं चालतात. देशाच्या एकूण उत्पन्नाच्या सुमारे एक चतुर्थांश इतकी रक्कम बाहेर गेलेल्या माणसांकडून येते. त्या गावातल्या एका घराची कौलं माझ्या बागेच्या पैशांतली होती, आणि माझा संसार त्या घरातल्या माणसाच्या कष्टांवर उभा होता.

२०२२ मध्ये स्थानिक निवडणूक १३ मे रोजी झाली. ऐन तोडणीचा आठवडा. दाजू गेला नाही, आणि "जा" असं मीही म्हटलं नाही. वहिनीला त्याचं मत मिळालं नाही. बाहेर राहणाऱ्या नागरिकांना मतदान करता यावं, असा आदेश नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच दिला होता, तरी त्या निवडणुकीत इथून मत देण्याची सोय नव्हती. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथली तरुण मुलं भ्रष्टाचाराविरुद्ध रस्त्यावर उतरली, सत्तरहून अधिक माणसांचा जीव गेला, सरकार कोसळलं आणि माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या. तेव्हा दाजूचा पुतण्या ट्रॉलरवर होता. किनाऱ्याला लागून मोबाइलला रेंज येईपर्यंत त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

कोकणातल्या बागायतदारांना आणि बोटमालकांना माझी एक विनंती आहे. नेपाळच्या मतदानाची तारीख आपल्या वहीत लिहून ठेवा. त्या आठवड्यात आपल्याकडच्या माणसांना पगारी रजा द्या आणि जाण्यायेण्याचं भाडंही द्या. हंगाम असला तरी द्या.